तिसऱ्या हाकेच्या कुबलबाई

कुबलबाई पहिल्या हाकेला दार उघडत नसत. दुसऱ्याही नाही. तिसरी हाक आली की मगच आतून कडी निघायची आणि त्या खांद्याला पिशवी अडकवूनच बाहेर यायच्या. म्हणजे त्यांची तयारी पहिल्या हाकेलाच सुरू झालेली असायची, दार तेवढं थांबलेलं असायचं.

हिंगणीत हे लहानथोर सगळ्यांना पाठ झालं होतं. बाळंतपणाचा निरोप घेऊन आलेला माणूस कितीही घायकुतीला आलेला असो, अंगणात उभा राहून "नर्सबाई! नर्सबाई! नर्सबाई!" असं तीनदा ओरडायचा आणि मगच घाम पुसायचा.

मी अल्लीपूरची. चौऱ्याहत्तरच्या सुमारास मला हिंगणीच्या शाळेत नोकरी लागली आणि सरूबाईंच्या घराचा अर्धा भाग राहायला मिळाला. उरलेल्या अर्ध्यात कुबलबाई होत्या; सरूबाई स्वतः मागच्या पडवीत राहायच्या. मधली मातीची भिंत वर आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे तिकडे चमचा पडला तरी इकडे कळायचं. पहिल्याच आठवड्यात मी ती तीन हाकांची तऱ्हा ऐकली आणि सरूबाईंना विचारलं. सरूबाई कापूस वेचून आल्या होत्या, पाय धूत होत्या. म्हणाल्या, "थ्या समुद्राकडच्या हायेत ना बाई. तिकडं तसंच असते म्हनतात. तुमीच इचारून पाहा."

मी विचारलं. कुबलबाईंनी नवल केलं नाही.

"पहिली हाक कुणाचीही असू शकते," त्या म्हणाल्या. "दुसरीसुद्धा. त्यांना तिसरी मारता येत नाही. तिसरी माणसाचीच."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भाकरी म्हणजे काय असं विचारलं होतं.

त्या उंच होत्या, हाडापेराने मजबूत, रंगाने सावळ्या. पांढरी साडी, अंबाड्यात रोज एखादं फूल, अगदी कण्हेरीचंसुद्धा. आवाज खालचा. आणि आणखी एक गोष्ट मला बरीच उशिरा लक्षात आली, की त्या स्वतः कुणालाही हाक मारत नसत. सरूबाई वावराच्या पार त्या टोकाला असल्या तरी कुबलबाई सगळं वावर तुडवत जायच्या आणि त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. घराला कुलूप लावून मी रस्त्याला लागले असेन आणि माझा डबा ओट्यावर राहिला असेल, तर त्या डबा घेऊन मागून भरभर चालत यायच्या, पण "बाई, थांबा" असं काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही.

त्यांचं गाव तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या मुखाशी होतं. नर्सचं शिक्षण झाल्यावर त्यांनी नकाशा पुढे घेतला आणि समुद्र जिथून सगळ्यात लांब पडेल असे जिल्हे पाहून अर्ज केले. वर्धा मिळालं. हिंगणीच्या थांब्यावर ट्रंक घेऊन उतरल्या तेव्हा सरूबाई त्यांना आणायला गेल्या होत्या. वाटेत पाहुणीला बरं वाटावं म्हणून सरूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं बी पानी हाये बरं नर्सबाई. बोरचं धरण इथून जवळच. लय मोठं, तुमच्या समुद्रावानीच."

कुबलबाई तिथेच रस्त्यात ट्रंकेवर बसल्या म्हणे. बराच वेळ उठल्या नाहीत.

मी गेले तेव्हा त्यांना तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. धरण त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. पलीकडच्या वस्त्यांवर जायचं असलं तर त्या जंगलाकडून फेऱ्याच्या वाटेने जात, जिथून पाणी दिसायचं नाही. त्या वाटेला अस्वल असायचं, कधी वाघाचा माग असायचा. त्याचं त्यांना काही नव्हतं.

भय असं खरंच काही नव्हतं. एका घरात बाळंतीण कळा देत होती आणि नवरा पिऊन, हातात कुऱ्हाड घेऊन दारात उभा होता, कुणाला आत जाऊ देईना. बायका लांबून ओरडत होत्या. कुबलबाई सरळ त्याच्यासमोर गेल्या, कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला, ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "पाणी तापव जा." तो गेला आणि त्याने पाणी तापवलं. दुसऱ्या एका झोपडीत खाटेखाली नाग निघाला, तर त्यांनी बाळंतिणीला खाटेसकट चार माणसांकडून बाहेर उचलून आणवलं आणि चिंचेखाली बाळंतपण केलं. घरी आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटली? तेव्हा त्या त्यांच्या बोलीत जे म्हणाल्या ते मला अजून पाठ आहे. "दिसता तेका कित्या भियाचा गो? दिसणा नाय तेचाच भय."

दिसत नाही त्याचं भय मात्र त्यांच्या सगळ्या दिवसभर पसरलेलं होतं. विहिरीवर गेल्या की काठावर चिमूटभर तंबाखू ठेवायच्या. दुपारी बाराच्या ठोक्याला हातातलं काम ठेवून घरात यायच्या आणि कडी लावून अर्धा तास बसायच्या. चार बायका वाटेने चालल्या असतील आणि कुणी "आपण किती जणी?" म्हणून मोजायला लागलं तर तिच्या तोंडावर हात ठेवायच्या.

ते मोजणं का नको, हे त्यांनी एकदा दिवेलागणीला ओट्यावर सांगितलं. सरूबाई, मी, शेजारच्या दोघी होतो. शेंगा फोडत बसलो होतो.

त्यांचा आजा खाडीवर तर चालवायचा, म्हणजे होडीतून लोकांना या काठावरून त्या काठाला नेऊन सोडायचा. एकदा पावसाळी संध्याकाळी एकच उतारू आला. डोक्यावर घोंगडी. होडीत बसला आणि त्याने तंबाखू मागितली. आज्याने दिली. देताना बोटं लागली, तर ती थंड आणि बुळबुळीत, माशाच्या पोटासारखी. आजा काही बोलला नाही. त्याने होडी लोटली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की होडी खाली बसली आहे. एका माणसाने बसावी तशी नाही, दहा-बारा माणसं भरल्यावर बसते तशी. पाणी काठाला टेकलं होतं. समोर तर एकच घोंगडी.

"आज्याने मोजलं नाही," कुबलबाई म्हणाल्या. "मोजलं असतं तर ते दिसले असते. आणि दिसले असते तर तोही त्यांच्यातलाच झाला असता. त्याने नजर वल्ह्यावर ठेवली आणि कनवटीची सगळी तंबाखू खाडीत टाकली. म्हणाला, हे तुझं, माझं मला दे. तेव्हा होडी हलकेहलके वर आली. काठाला लागली तेव्हा घोंगडी ओली पडली होती. आत कुणी नव्हतं."

शेंगा फोडायचं थांबलं होतं. शेजारीण म्हणाली, "काय असते वो थे?"

"गिऱ्हा म्हणतात त्याला. पाण्यातला असतो. बुडालेल्यांना घेऊन हिंडतो."

त्यांच्याकडे अशा पुष्कळ होत्या. बंदरावर जुनी पडकी वखार होती. ओहोटीला तिथे माल उतरवल्याचे आवाज यायचे, पोती टाकल्याचे, दोर ओढल्याचे. तिथे कुणी पैजेने झोपायला गेला की सकाळी वाळूत सापडायचा, बरोबर ओहोटीच्या रेषेवर, पाय पाण्याकडे करून. मेलेला नसायचा. पण पुढे उभ्या जन्मात तो घराच्या समुद्राकडच्या खिडक्या उघडू द्यायचा नाही.

त्या हे रंगवून सांगत नसत, हेच वाईट होतं. आमच्या अल्लीपूरला भुतांच्या गोष्टी सांगणारे म्हातारे होते. ते डोळे मोठे करत, मधे थांबत, शेवटी ओरडत. मग हसू यायचं आणि भीती जायची. कुबलबाई खाली बघून, शेंगा निवडत सांगायच्या, पत्ता सांगावा तशा. ती भीती घरी बरोबर यायची.

सरूबाईंनी त्या दिवशी विचारलं, "समुद्र केवढा असते हो? धरनाएवढा?"

कुबलबाई विचार करून म्हणाल्या, "धरणाला पलीकडचा काठच नसला तर?"

सरूबाई टरफलं गोळा करून उठल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बाई, गिऱ्ह्याचं काई नाई वाटलं मले. पन काठच नाई म्हनते, थे डोक्यातून जाऊन नाई राह्यलं."

माझं तिथलं तिसरं वर्ष असेल. उन्हाळा होता, शाळेला सुटी लागायची होती. मी सेलूला गेले होते. दुपारची परत आले तर घरापुढे माणसं. ओट्याच्या पायरीवर ठकूबाई नावाची म्हातारी बसली होती आणि सरूबाई तिला पाणी पाजत होत्या. कुबलबाई घरात नव्हत्या.

झालं ते असं. ठकूबाईची सून वावरातल्या झोपडीत अवघडली होती. दिवस भरायचे होते, पण रक्त जायला लागलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी त्या उन्हात धावत आली. बारा वाजून गेले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अंगणात उभं राहून तिने हाक मारली, "नर्सबाई!" मग दुसरी मारली. तिसरीला तिचा श्वास पुरला नाही. घसा सुकला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पायरीवर कोसळली.

आत कुबलबाई पिशवी खांद्याला लावून, कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. तिसरी हाक येईना. त्या थांबल्या. किती थांबल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. वावरातून परतलेल्या सरूबाईंनी म्हातारीला पाहून बोंब मारली तेव्हा दार उघडलं.

कुबलबाई एकट्या धावत गेल्या. सून वाचली. मूल गेलेलं होतं. आधी पोचल्या असत्या तर वाचलं असतं का, हे कुणीच सांगू शकलं नसतं. उशीर झाला असं नंतर आलेले डॉक्टरही म्हणाले नाहीत, आणि गावही म्हणालं नाही. ठकूबाई तर संध्याकाळी स्वतः आली आणि कुबलबाईंचे हात धरून म्हणाली, "माहीच चुकी झाली वो बाई. दोनदाच हाक मारली मी. तिसरी तोंडातून निंगालीच नाई."

त्या शब्दांनी कुबलबाईंचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली नाही. मी भाकरी घेऊन गेले. त्या अंधारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. कंदील लावू का विचारलं तर नको म्हणाल्या. मग आपणहून सांगायला लागल्या, त्याच खालच्या आवाजात.

त्यांना शेवंती नावाची धाकटी बहीण होती. ही बारा वर्षांची, ती नऊची. ओहोटीला दोघी खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचायला जायच्या. त्या दिवशी दुपार होती. खाडीवर अजून धुकं असावं तशी उन्हाची वाफ उभी होती. शेवंती बरीच पुढे, उजव्या हाताला. ही इकडे वाकून चिखलात हात घालून होती.

"आणि हाक आली," कुबलबाई म्हणाल्या. "शेवंते, हय ये गो. अशी. पाण्याच्या बाजूने. तिने मान वर केली आणि ओ दिली. पहिल्याच हाकेला. आणि हसत तिकडे चालायला लागली. भरती सुरू झाली होती."

"कुणी मारली हाक?"

त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. नंतर म्हणाल्या, "आवाज माझा होता."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"माझा, अगदी माझा. पण मी मारली नव्हती. मी वाकलेली होते. तोंड मिटलेलं होतं. मी ऐकलं आणि मलाच वाटलं, मी कशी काय बोलले? तेवढ्यात ती कमरेइतक्या पाण्यात होती. मी ओरडले ते नंतर. तेव्हा ती पुढेच जात राहिली. कारण तिला काय, दोन्ही आवाज माझेच."

शेवंती सापडली ती दुसऱ्या दिवशी. वाड्यांवरच्या बायकांनी ती हाक काठावरून ऐकली होती. सगळ्यांनी आईला तेच सांगितलं, की थोरलीने हाक मारली आणि धाकटी पाण्यात गेली. आई मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिली, "तूच तिका हाक मारलंस."

"आणि मारली असेन," कुबलबाई म्हणाल्या. "मला आठवत नाही म्हणून मारली नाही, असं कसं म्हणू? मी गिऱ्ह्याला भिते असं सगळ्यांना वाटतं. मी भिते ती याला. गिऱ्हा नसेलच तर मग कोण उरलं, सांगा."

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहिल्या हाकेला दार उघडू लागल्या.

हे वाचायला सोपं आहे. मी भिंतीच्या अलीकडून ते ऐकलं आहे. हाक यायची. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग श्वास, जोरजोरात, कुणी पळून आल्यासारखा. मग पावलं आणि कडी. एकदा मी ओट्यावरच होते तेव्हा पाहिलं, दार उघडताना त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. दार पूर्ण उघडल्यावर त्या एक एक करून डोळे उघडायच्या, समोर कोण आहे ते बघायच्या आणि मग पायरी उतरायच्या. गावाला वाटलं, बाईंची भीती गेली. लोक आता एकदाच हाक मारायला लागले, आणि हळूहळू तीन हाकांची गोष्ट विसरूनही गेले.

एकदा असं झालं की तिन्हीसांजेला दार उघडलं आणि बाहेर कुणीच नव्हतं. मीसुद्धा हाक ऐकली होती, किंवा ऐकली असं मला वाटलं, म्हणून मीही बाहेर आले. गल्ली रिकामी होती. समोरचा कुत्रा उभा राहून आमच्या अंगणाच्या मध्याकडे बघत होता. भुंकत नव्हता. कुबलबाई चौकटीला धरून उभ्या होत्या, त्यांची बोटं पांढरी पडली होती. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. कुणी नाही. त्यांनी दार लावलं नाही. दिवा दारात आणून ठेवला आणि ओल्या बाळंतिणीला धीर द्यावा तशा आवाजात म्हणाल्या, "काय होतंय ते सांग, मी आहे." त्यानंतर बराच वेळ त्या तिथे बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले नाही, हे कबूल करते. मी आत जाऊन माझ्या दाराला कडी लावली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. धरणापलीकडच्या एका वस्तीवरून शंकर नावाचा माणूस सकाळीच निघून अकराच्या सुमाराला आला. त्याच्या भावजयीचं मूल आडवं आलं होतं. बैलगाडीने आणायची सोय नव्हती. कुबलबाई निघाल्या. मला सुटी होती. त्यांनी कधी मागितली नव्हती ती सोबत त्या दिवशी मागितली. "याल का?" एवढंच.

फेऱ्याची वाट धरली तर पोचायला दुपार टळली असती. पण मे महिना होता, पाणी फार मागे हटलं होतं. धरणाच्या पोटातून, सुकलेल्या गाळावरून सरळ गेलं तर वाट अर्ध्याहून कमी पडत होती. मधे एक जागा होती. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या एका छोट्या वस्तीची जोती उन्हाळ्यात उघडी पडत. लोक तिला बुडीत म्हणायचे. भर दुपारी तिथे जात्याची घरघर ऐकू येते, बायका एकमेकींना हाका मारतात, असं आसपासच्या सगळ्या गावांत बोललं जायचं. गुराखी तिथे गुरं नेत नसत.

शंकर काठावर थांबला. "म्या रात्रीचा एकटा जंगलातून आलो असतो बाई, पन बाराच्या टायमाले बुडीतातून नाई जानार. कोनीच नाई जात. फेऱ्यानं चला."

"तितका वेळ आहे का?" कुबलबाईंनी विचारलं.

त्याने मान खाली घातली.

कुबलबाईंनी प्रथमच ते पाणी पाहिलं. लांबवर, पांढरं, डोळ्यांना टोचणारं. त्यांचा सगळा चेहरा घामाने निथळत होता आणि दात वाजत होते, त्या उन्हात. त्या म्हणाल्या, "तू फेऱ्याने ये. वाट कुठून ती दाखव." आणि खाली उतरल्या. मी मागून गेले. का गेले ते आता सांगता येत नाही. एकटी मागे राहायलाही भीती वाटली असेल.

गाळाला भेगा पडल्या होत्या, पाऊल जाईल एवढ्या. त्याच्यावर पाऊल टाकलं की पापुद्रा मोडल्याचा आवाज यायचा. दुसरा कुठलाच आवाज नव्हता. पाखरू नाही, वारा नाही. कुबलबाई पुढे, दहा पावलांवर मी. जोती आली. गुडघ्याएवढे दगडांचे चौकोन, एका चौकोनात मधोमध पाटा. मी त्या पाट्याकडे पाहिलं आणि तेव्हा मला हाक आली.

"बाई!"

डाव्या बाजूने. पाण्याकडून. बाईचा आवाज. घाईचा नव्हता, ओळखीचा होता.

मी थांबले. मान वळायला लागली होती. मला ती थांबवता येत नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. तेवढ्यात कुबलबाईंनी मागे येऊन माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की पुढे आठवडाभर वळ होता. त्यांचे ओठ मिटलेले होते. माझ्या कानाशी तोंड आणून त्या म्हणाल्या, "मियां हाक मारूक नाय. चल गो. मागे बघू नको."

म्हणजे त्यांनीही ती ऐकली होती.

आम्ही चाललो. पळालो नाही. त्यांनी पळू दिलं नाही. त्यांच्या सगळ्या अंगाचा थरकाप मला त्या मनगटातून कळत होता. मागून पुन्हा काही आलं का? मला माहीत नाही. माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं. पलीकडची चढण आली, मोहाची झाडं आली, कुणाच्या तरी घरची कोंबडी ओरडली, तेव्हा मी रडायला लागले. कुबलबाई थांबल्या नाहीत. झोपडीत शिरल्या, हात धुतले, आणि त्यांचे हात बघता बघता स्थिर झाले. तासाभराने त्यांनी ते मूल फिरवलं आणि बाहेर काढलं. मुलगी झाली. आईही शाबूत राहिली. शंकर पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

उन्हं उतरल्यावर आम्ही फेऱ्याच्या वाटेने परत निघालो. जंगलात एका वळणावर त्या थांबल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आयकलंस?"

"ऐकलं."

"कोणाचो आवाज होतो?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मला कळलं की त्या सतरा-अठरा वर्षं हा प्रश्न विचारायला कुणीतरी शोधत होत्या. आणि खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. मी हाक ऐकली होती, हे देवाशपथ खरं. पण कुबलबाईंना हाक मारताना मी कधी ऐकलंच नव्हतं. तो आवाज त्यांचा होता की नाही, हे मी कशावरून ठरवणार?

"तुमचा," मी म्हणाले. "अगदी तुमचा. आणि तुम्ही तर माझ्यापुढे होतात. तोंड मिटलेलं होतं."

त्या मटकन खाली बसल्या. वाटेच्या धुळीतच. पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. "म्हणजे ता मी नव्हतंय," त्या म्हणाल्या. परत म्हणाल्या. मग पदरात तोंड घालून रडल्या, एखादं लहान मूल रडतं तसं, हुंदक्याला हुंदका लागून. मी शेजारी बसले. या वेळी बसले.

मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. खरं बोलले असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आज वयाच्या या टप्प्यावर रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी, जेवण झाल्यावर जरा डोळा लागतो तेव्हा तो आवाज कधीतरी येतो, आणि मी अजून ओळखू पाहते.

ऐंशीनंतर एक-दोन वर्षांनी त्यांनी बदली मागितली. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच तालुक्यात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरूबाई म्हणाल्या, "काऊन जाता बाई? इथं काय कमी हाये तुमाले?" त्यावर कुबलबाई म्हणाल्या, "तिकडे बायका अजून होडीतून नेताना वाटेत बाळंत होतात." गावाने त्यांना साडी-चोळी केली. ठकूबाईची सून नंतरच्या दोन मुलांना घेऊन पाया पडायला आली.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, धरणावर जाऊन येऊ. पाऊस होऊन गेला होता, पाणी काठोकाठ होतं. बुडीत खाली गेलेलं होतं, कुठे ते दाखवताही आलं नसतं. मी काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी चपला काढल्या, नेसणं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि पाण्यात उतरल्या. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. तिथे थांबल्या. मागून मला त्यांचे खांदे दिसत होते. ते थरथरत होते. भीती कुठेही गेली नव्हती. ती तशीच्या तशी होती, आणि त्या तिच्यासकट पाण्यात उभ्या होत्या.

मग आणखी दोन पावलं पुढे. गुडघाभर पाणी. त्या खालच्या आवाजात काहीतरी बोलत होत्या, त्यांच्या बोलीत, पण वारा माझ्याकडून तिकडे होता. मला शब्द ऐकू आले नाहीत. बोलता बोलता त्या जराशा डावीकडे सरकल्या, बाकावर बसलेलं माणूस दुसऱ्याला बसायला जागा करून देतं तसं. आणि उजवा हात त्यांनी पाण्यावर, साधारण नऊ वर्षांच्या मुलीचा खांदा येईल इतक्या उंचीवर, अलगद ठेवला.